पडद्याचं भोक

शेवंतीबाई देवापुढे उदबत्ती लावून भाजीला गेल्या, तेव्हा त्यांची सून नूपुर नव्या लिननच्या पडद्यांचे फोटो काढत होती. धूर छान यावा म्हणून तिने उदबत्ती पडद्याजवळ सरकवली. फोटो झकास आला, पण पडद्याला भोक पडलं. तिने घाईघाईने उदबत्ती जागेवर ठेवली.

शेवंतीबाईंनी परत येऊन भोक पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "माझंच काम गो हे! उदबत्ती लावताना टेकली असणार पडद्याला. डोळेच गेले मेले."

नूपुर खोटं बोलली नाही, नुसती मूग गिळून गप्प बसली.

तेव्हापासून त्यांची पूजा उदबत्तीविनाच व्हायची. आज गुरुवारी मात्र त्यांनी काडेपेटी सुनेच्या हातात दिली.

"तूच लाव गो बाय. माझा काय भरवसा नाय. तू जपून लावशील."