न उघडलेली बाटली

विंकेल्बीच्या विहिरीचं पाणी म्हणजे एस्बेनचा जीव की प्राण. पाणीयोजना गावकऱ्यांच्याच मालकीची आणि हा तिचा बिनपगारी अध्यक्ष. वार्षिक सभेत कॉफीच्या आधी प्रत्येकाला ग्लासभर पाणी पाजल्याशिवाय हा माणूस सभा सुरूच करायचा नाही. लेक बोडिल गरोदर राहिली तशा तिच्या घरातल्या सरबताच्या बाटल्या यानेच उचलून नेल्या. आपलं पाणी पी, भरपूर पी, असा धोशा लावला आणि ती बिचारी पीत राहिली.

म्हणून तर प्रयोगशाळेतल्या मेरेटेचा फोन आला, तेव्हा त्याच्या पायाखालची जमीन सरकली. कारखान्यांत तेलकट डाग काढायला वापरतात ते द्रावक विहिरीच्या पाण्याच्या नमुन्यात सापडलं होतं. आजूबाजूला कारखाना औषधालाही नाही, सगळी बटाट्याची शेतं. मग हे आलं कुठून? आणि आपण ते आपल्या हाताने लेकीला पाजलं! बाळाचं काय होणार, या विचाराने त्याला काही सुचेना.

मेरेटेचाही गोंधळ उडाला होता. नमुन्याच्या बाटल्यांबरोबर प्रयोगशाळा स्वतःच्या शुद्ध पाण्याची एक बंद बाटली देते. ती उघडायची नाही, नुसती बरोबर फिरवून परत आणायची. त्या बाटलीतही तेच द्रावक निघालं होतं.

"पण मी तिचं झाकणही उघडलं नाही," एस्बेन म्हणाला.

"म्हणूनच विचारते. याची वाफ बंद झाकणातूनही आत शिरते. बाटल्या होत्या कुठे?"

एस्बेन चक्रावला. कुठे असणार? शहराकडे जाणाऱ्याच्या गाडीत अख्ख्या गावाची कामं लादायची, ही विंकेल्बीची जुनी खोड. कुणाचा चष्मा, कुणाचं पार्सल. बाटल्या बोडिलच्या गाडीतून गेल्या होत्या. ती शहरात ड्राय क्लीनिंगच्या दुकानात कामाला होती आणि जातायेता गिऱ्हाइकांचे कोटही पोचवायची. शनिवार-रविवार बाटल्या त्या कोटांखालीच पडून होत्या.

मेरेटे हसतच सुटली. ड्राय क्लीनिंगवाले तेच तर वापरतात, म्हणाली. पुन्हा नमुने घे आणि या खेपेला बसने ये. एस्बेन गेला, बाटल्या मांडीवर धरून, तान्ह्या बाळासारख्या. या वेळी विहिरीचं पाणी स्वच्छ निघालं, बंद बाटलीतलंही.

स्वारी हवेत. शेजारच्या गुडरूनला त्याने दारातूनच बातमी दिली. आता तरी आमचं डोकं खाऊ नकोस, असं म्हणून तिने त्याला केक खाऊ घातला.

संध्याकाळी बोडिल कामावरून थेट त्याच्याकडे आली आणि तिने त्याला मिठी मारली. तिच्या केसांना, स्वेटरला तो ओळखीचा गोडसर वास येत होता. एस्बेनला तो वास फार आवडायचा. लेक कपडे स्वच्छ करते, तेव्हा हा स्वच्छतेचाच वास, असं तो इतकी वर्षं धरून चालला होता.

त्याने तिची बाही पुन्हा हुंगली; बंद बाटलीत शिरली ती हीच वाफ.

"दुकानात खिडकी उघडी असते का गं?"

"या थंडीत कोण उघडतंय? का रे, बाबा?"

उत्तराची वाट न बघता तिने नळाखाली ग्लास धरला आणि पोटावर हात ठेवून ती घटाघटा पाणी प्यायली.

"छान निघालं ना पाणी? मग असा काय बघतोस?"

तो उठला, तिचा कोट अंगणातल्या दोरीवर टाकून आला.

"उद्यापासून त्या दुकानात जायचं नाहीस," तो म्हणाला.