भरल्या गाडीखाली

पुंडलिकरावांनी साबणाच्या पाण्यात बुचकळलेला रबरी बुश गाडीच्या लोखंडी हाताच्या भोकावर टेकवला, शिकंज्याचा दांडा अंगाचं सगळं वजन घालून फिरवला, आणि बुश च्यक् करून आत बसला तसं ओसरीकडे पाहिलं.

"पाहिलं?"

"सकाळपासून पाहूनच राहिली," चंद्रभागाबाई सुपातून मान वर न करता म्हणाल्या. "तांदूळ कधी निवडू?"

बायकोकडून यापेक्षा मोठी पावती मिळत नाही, हा अनुभव गाठीशी असल्यामुळे पुंडलिकरावांनी तेवढी जमा धरली.

आंधळगावात त्यांची तांदळाची गिरणी होती आणि गिरणीसमोर उभी राहणारी जुनी अँबॅसडर होती. पुढच्या चाकांना धरून ठेवणाऱ्या लोखंडी हातांच्या मुळाशी जे रबरी बुश असतात ते झिजले होते, त्यामुळे गाडी दर खड्ड्याला कुंई करून खट्ट वाजायची. गावाच्या कानाला ते सवयीचं झालं होतं. पण साकोलीला लेकीच्या, रुखमाच्या डोहाळजेवणाला गेले, आणि व्याही मधुकरराव ओसरीवर कान टवकारून उभे होते. सगळी हयात एस.टी.च्या वर्कशॉपात काढलेला माणूस. गाडी दारात थांबायच्या आत पाहुण्यांदेखत म्हणाले,

"इवाई, तुमची गाडी मोडापासून कण्हत येऊन राहिली. दिवस माझ्या सुनेले गेले का तिले?"

पाहुणे पोट धरून हसले. पुंडलिकरावही हसले, कारण मुलीकडच्यानं हसायचंच असतं. मग मधुकररावांनी आवाज खाली आणला.

"थट्टा नाही करत. अशा गाडीत अवघडलेली पोरगी मी नाही धाडत. बुश बदला, मंग न्यायले या."

पहिलं बाळंतपण माहेरी, आणि न्यायला बापानं जायचं. भाड्याची गाडी केली असती तर ते हसू साकोलीत कायमचं राहायला आलं असतं. गॅरेजात टाकली असती तर कौतुक गॅरेजवाल्याचं झालं असतं. पुंडलिकरावांनी दोन्ही वाटा बंद केल्या आणि अंगणात जॅक लावला.

रबराशी त्यांचा जुना संबंध होता. गिरणीचे रबरी रोल बदलण्यात त्यांची उमर गेली. रबराला तेल दाखवलं की ते सडतं, साबणाचं पाणी चालतं, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. बाकीचं ते मागच्या दिवाळीत शिकले होते. तेव्हाही त्यांनी घरीच बुश घातले होते, पण चाकं अधांतरी असताना नट कसले. रबर त्या लोंबत्या अवस्थेतच आवळलं गेलं. गाडी खाली उतरवली तशी पिळलं आणि होळीच्या आत फाटलं. गावाला त्यांनी सांगितलं, माल खराब निघाला.

या खेपेला मात्र गाडी उतरवून चारही चाकं सागाच्या जाड फळ्यांवर घेतली, म्हणजे खाली सरकायला जागा झाली. पण नुसती रिकामी गाडी त्यांना पटेना. ती रिकामी धावलीच कधी? भंडाऱ्याला निघाली की अर्धी गल्ली आत.

"डोमा," त्यांनी गिरणीतल्या हमालाला हाक दिली, "गाडी रोज भरते तशी भर."

बायजाबाई शेजारच्याच. पोत्याच्या हिशेबात पुंडलिकराव त्यांना दीड पोतं धरत. त्या मागच्या सीटवर बसल्या आणि विचारत्या झाल्या, "जायचं कुठीसा?"

"कुठीच नाही. नुसतं बसायचं."

"मंग मी लुगडं काहून बदललं?"

"गाडीच्या मानासाठी," म्हणत तेजराम शिंपी त्यांच्या बाजूला दाटला. पलीकडून त्याची बायको आली. स्टिअरिंगवर डोमा बसला आणि लगेच हॉर्न वाजवून पाहिला. पुढची डावी जागा तेवढी रिकामी राहिली. ती रुखमाची. लग्नानंतरही तिथं बसायला गल्लीतलं कुणी धजत नसे.

"तिथं पोतं ठेवा लागते," पुंडलिकराव म्हणाले. मग बायकोकडे वळून, "रुखमाचं वजन किती असन आता?"

"एकीचं सांगू का दोघांचं?"

पुंडलिकरावांनी स्वतः जाऊन गिरणीतलं पोतं निवडलं, त्यात वरून दोन पायल्या तांदूळ आणखी टाकले, आणि पोतं सीटवर टेकवून दार हळूच लावलं. मग पान्हा घेऊन गाडीखाली सरकले.

तेवढ्यात फाटक वाजलं. चंद्रभागाबाईंनी पदर सावरला. "इवाई आले!"

गाडीखालून पुंडलिकरावांना फक्त चपला दिसल्या, आणि चपलांशेजारी टेकलेली पिशवी. ती टेकताना आत लोखंड खणकलं.

"काय करून राहिले इवाई?"

"नट कसून राहिलो."

मधुकरराव उकिडवे बसले. फळ्यांवरची चाकं पाहिली. रबरावर वाळलेला साबण पाहिला. खिडकीतून बाहेर बघणारी माणसं एकेक करून पाहिली. चूक काढायला तयार होऊन आलेला चेहरा हळूहळू रिकामा झाला. शेवटी उठले आणि डोमाला म्हणाले, "पोतं काढ."

आणि रुखमाच्या जागेवर स्वतः बसले.

नट कसले गेले. मग पुंडलिकराव डोमाला उतरवून, हात न धुताच स्टिअरिंगवर बसले आणि भरली गाडी तलावाच्या पाळीकडे काढली, जिथं बैलगाड्यांनी रस्त्याचा रस्ता ठेवला नव्हता. गाडी डुलली, उतरली, चढली, आवाज नाही. गाडी बोलेना, तशी ती उणीव बायजाबाईंनी भरून काढली. मधुकरराव मान तिरपी करून ऐकत होते. परतीच्या वळणावर म्हणाले,

"डावीकडची..."

पुंडलिकरावांचे हात स्टिअरिंगवर आवळले.

"...काच खडखडते."

"काच बुशात नाही येत, इवाई!"

"नाही येत," मधुकररावांनी कबूल केलं. मग म्हणाले, "गुरुवारी या. पोरीची पेटी भरून ठेवतो."

चहा झाला, आणि दुपारच्या गाडीनं ते गेले. पुंडलिकराव अँबॅसडर पुसायला लागले. रुखमाच्या सीटच्या आणि दाराच्या फटीत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काही हाताला लागलं. सोडलं. कोरे बुश, अँबॅसडरच्या मापाचे. मधुकररावांच्या घरी चाकं म्हणाल तर सायकलीची.

चंद्रभागाबाई मागे येऊन उभ्या होत्या. "तरीच. पाहुणपणाले इस्त्रीचा सदरा घालून येणारा माणूस, आज नोकरीतला जुना खाकी शर्ट घालून काहून आला, मी विचारच करून राहिली होती."

पुंडलिकरावांनी रबर चिमटीत दाबून पाहिलं. माल त्यांच्या मालापेक्षा कणभर सरस होता. पुडकं परत तसंच गुंडाळून त्यांनी डिकीत, स्टेपनीखाली ठेवलं.

गुरुवारी साकोलीत गाडी दारात येऊन थांबली तरी ओसरीवरच्या गप्पा चालूच होत्या. मधुकरराव तेवढे उठले आणि चारचौघांना मोठ्यानं म्हणाले,

"ऐकलं? काही ऐकूच नाही आलं ना? माझ्या इवायानं घरी बसवले बुश. एकट्यानं!"

हीच ती ओसरी. पुंडलिकराव खाली उतरले, सदरा झटकला. या वाक्यासाठी त्यांनी जॅक लावला होता.

"एकट्यानं कुठचं," ते म्हणाले. "इवाई होते न संगं."

मधुकररावांनी चटकन त्यांच्याकडे पाहिलं. पुंडलिकराव पुढचं डावं दार उघडून रुखमाची सीट उपरण्यानं पुसण्यात गुंतले होते.