भरलेलं शब्दकोडं

"पुढच्या महिन्यापासून नऊपैकी तीनच पेपर येतील," कौतिकभाऊंनी सांगितलं, तेव्हा वाचनालयात कोणी मानही वर केली नाही. सगळे वाचत होते.

देवपूरच्या त्या वाचनालयात कौतिकभाऊ सव्वीस वर्षं ग्रंथपाल होते. यंदा अनुदान घटलं. समितीने आधी मासिकं बंद केली, मग दुपारचे पंखे, आता पेपर. भाऊंनी वाद घातला नाही. चार वाजता कामावर येताना ते गल्लीतल्या घरांतून वाचून झालेले पेपर मागून आणू लागले. कापडवाले अभयकुमार यांच्या आई तारादेवी आपला पेपर आनंदाने द्यायच्या, पण शब्दकोडं सोडवून झाल्यावरच.

त्यावरून झिपरूनानांचं बिनसलं. वरणगावच्या कारखान्यातून निवृत्त झालेले नाना कोड्यासाठीच तर यायचे.

"हाई कोनी भरं? बठ्ठं चुकेल शे," सगळंच चुकलंय, असं ते अहिराणीत म्हणाले आणि लाल पेनाने ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसले.

तारादेवींना हे कळल्यावर त्यांनी सुधारलेला पेपर बघायला मागितला. लग्न होऊन राजस्थानातून आल्यावर त्या पेपर वाचूनच मराठी शिकल्या होत्या. चुका दाखवणारं कोणी भेटलंच नव्हतं. तेव्हापासून भाऊ रोज घरी जाताना तपासलेलं कोडं त्यांच्याकडे पोचवू लागले. कधी नाना निरोप देत, आज दोनच चुका आहेत म्हणून सांगा. दोघं एकमेकांना कधी भेटले नव्हते.

माघात एके दिवशी कोडं कोरंच आलं. नानांनी पेनाचं टोपण काढलं नाही. भाऊंनी दुकानात फोन लावला. आईच्या डोळ्यांचा पडदा सरकलाय, नजर आता परत येणार नाही, असं अभयकुमार म्हणाले. पेपर मात्र रोज नेत जा, असा आईचा निरोप होता.

नाना पेपर घेऊन उठले. "चाल कौतिक, माले घर दखाड."

दुकानाच्या वरच्या मजल्यावर तारादेवी पलंगावर ताठ बसल्या होत्या. नानांचं नाव ऐकून त्यांनी पदर सावरला.

"लाल पेनवाले ना? फार चुका काढता तुम्ही."

खुर्ची जवळ ओढून नानांनी पेपर उघडला आणि मोठ्याने वाचलं, "पहिला आडवा शब्द. नदीचा काठ. तीन अक्षरं."

तारादेवी विचारात पडल्या. भाऊंना वाचनालयात परतायचं होतं, तरी ते दारातच थांबले. नानांना उत्तर ठाऊक होतं. गुडघ्यावर पेपर धरून ते वाट पाहत बसले.