लपवलेल्या कळा

शालनने कुणाला सांगितलं नाही. आदल्या दिवशी दिवस मावळताना ती गोठ्यात शेणाची पाटी उचलायला वाकली आणि ओटीपोटात पहिली कळ उमटली. कळ सरेपर्यंत ती गव्हाणीला धरून उभी राहिली. मग पाटी उकिरड्यावर रिकामी केली, हात धुतले आणि भाकऱ्या थापायला बसली. रात्रभर कळा येत राहिल्या, जात राहिल्या. तिने पदराचा बोळा तोंडात धरला आणि उजाडायची वाट पाहिली.

कळा लागल्या की घरातल्या मोठ्या बाईच्या कानावर घालायचं, ही पवनेकाठची रीत. कानावर घातल्यावर पुढे काय होतं, तेही शालनला पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी तिने शहाण्या सुनेसारखं लगेच सांगितलं होतं. तिला आई नव्हती, माणला माहेरी कोण करणार, म्हणून पहिलं बाळंतपणही इथेच रहाटणीला सासरी झालं. सांगितल्याबरोबर तिला आतल्या खोलीत घेतलं. झरोक्यात पोतं कोंबलं, शेगडी पेटवली. पोटात अन्न असलं तर मूल वर चढतं म्हणून खाणं बंद झालं आणि पाणी ओठ भिजतील एवढंच मिळालं. आणि मग जमलेल्या बायकांनी पहिल्या कळेपासून धोशा लावला, जोर लाव पोरी, जोर लाव. पोरीने लावला. एक रात्र, एक दिवस, आणखी एक रात्र लावला. खरी वेळ आली तेव्हा तिच्या अंगात कूस वळायचंही त्राण उरलं नव्हतं. मूल आलं, पण रडलं नाही.

बायका म्हणाल्या, नशीब. नशीब बिचारं कुणी काही अंगावर घातलं तरी उलटून बोलत नाही. शालनने मात्र दोन वर्षं विचार केला होता. सगळं बळ नको तेव्हा खर्च करायला लावलं आणि हवं तेव्हा ते नव्हतं, एवढं तिला कळलं होतं. या खेपेला तिला मूल जिवंत हवं होतं. त्यासाठी खोटं बोलावं लागलं तरी बेहत्तर, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

सकाळी नवरा, मारुती, सायकलवर टांग टाकून पिंपरीच्या नव्या कारखान्यात पहिल्या पाळीला गेला. सासरे ज्वारी राखायला मळ्यात गेले. सासू, सुभद्राबाई, नदीवर धुणं घेऊन गेली. घर मोकळं झालं तशी शालनने शिंक्यावरची भाकरी काढली, दुधात कुस्करली आणि चोरासारखी उभ्याउभ्या खाल्ली. मग सारवायला काढलं. ओणवं होऊन, दोन्ही हात भुईवर टेकून सारवताना कळ आली की ती तशीच थांबायची. कंबर सैल सोडायची, श्वास हळूहळू बाहेर टाकायची. कळ ओसरली की हात पुन्हा फिरू लागायचा. ओसरी झाली, माजघर झालं, मग न सारवली तरी चाललं असतं ती पडवीही झाली. दुखत होतं, खोटं कशाला सांगा. पण खोलीत उताणं पडून बायकांची तोंडं बघण्यापेक्षा ते सोसण्यासारखं होतं.

सासू नदीवरून आली आणि लख्ख सारवलेलं घर बघून खूश झाली. "आज लई हुरूप आलाय," म्हणाली. शालन नुसतं हसली आणि जात्याशी जाऊन बसली. दळताना तोंडात ओवी हवी, पण कळ आली की शब्द तुटायचे आणि नुसता हुंकार उरायचा. जात्याची घरघर होती म्हणून तो कुणाला ऐकू गेला नाही.

कारखान्याचा दुपारचा भोंगा झाला आणि कळा एकमेकींच्या पाठीला पाठ लावून येऊ लागल्या. शालन गोठ्यात गेली आणि खांबाला मिठी मारून उभी राहिली. डोळे मिटलेले होते. डोळे उघडले तेव्हा समोर सासू उभी होती.

"कवापासनं?" सुभद्राबाईने विचारलं.

"काल सांजच्यापासनं."

"आनि मला सांगायचं न्हाई?" सुभद्राबाईचा आवाज चढला. "येडी का खुळी तू? जीव जाईल गं, पोरी! थांब हितंच, आक्काबाईला घिऊन येते."

आक्काबाई म्हणजे गावची सुईण. निम्मं गाव तिच्याच हातांत जन्मलेलं, त्यामुळे तिचा शब्द कुणी मोडत नसे. सासू वळली तशी शालनने तिचा पदर पकडला. सून झाल्यापासून तिने असं धाडस कधी केलं नव्हतं.

"आत्याबाई, पाया पडते, इतक्यात बोलवू नका. त्या आल्या की पुन्ना तेच. जोर लाव, जोर लाव. माज्यात असंल तेवढं समदं सपतंय आनि मूल आत गुदमरतंय."

"सुइनीपेक्षा तुला जास्त कळतं व्हय?"

तेवढ्यात पुढची कळ आली. शालन खांबाला कपाळ लावून घुमत राहिली. कळ ओसरल्यावर तिची नजर गाईकडे गेली.

"ही कपिली दिवाळीत व्यायली," ती धापा टाकत म्हणाली. "रातभर अडली हुती. तुमी सोता दारात बसला हुता. मामंजींना बी आत येऊ दिलं न्हाई. म्हनला, तिला फिरू द्या, तिची ती बगून घेईल. पानी ठेवलं, चारा ठेवला. तिला कुनी जोर लाव म्हनलं न्हाई, आत्याबाई. मलाच का म्हनता?"

सुभद्राबाईने गाईकडे तोंड फिरवलं. ती रागावली असं शालनला वाटलं. पण राग नव्हता तो. भीती होती. पहिलं गेलं तेव्हा सगळं रीतीप्रमाणे झालं होतं, म्हणून नशिबावर भागलं. या खेपेला रीत मोडून काही वाईट झालं, तर गाव सुभद्राबाईला जन्मभर सोडणार नव्हतं. आणि गावाने सोडलं तरी पोटचा लेक सोडणार नव्हता.

मग तिने शालनचा दंड धरला. "चल," म्हणाली, "उबं ऱ्हाऊन पाय मोडतील. चालू या."

दोघी परसात चालू लागल्या. विहिरीपासून गोठ्यापर्यंत, गोठ्यापासून विहिरीपर्यंत. कळ आली की शालन सासूच्या गळ्यात हात टाकून सगळा भार तिच्यावर सोडायची आणि सुभद्राबाई तिच्या कमरेच्या मणक्यावर तळहात दाबून धरायची. मध्येच तिने वाटीभर पेज आणून पाजली. देताना इकडेतिकडे पाहिलं, कुणी बघत नाही ना.

बघत होतं. शेजारची सोजराबाई विस्तव मागायला आली, क्षणभर कुंपणाशी थबकली आणि विस्तव न घेताच परतली. गावात बातमी पोचवायला तिला भोंगा लागत नसे. थोड्याच वेळात आक्काबाई पदर खोचून दारात हजर, मागे चार बायका.

"सुबद्रे, पोरीला उनातानात काय फिरवतीस? आत घ्या तिला. जोर लावायला बसवा."

आता सासू बाजूला होणार, हे शालन धरूनच चालली होती. इतक्या बायकांसमोर आक्काबाईला नाही म्हणायची रहाटणीत कुणाची छाती नव्हती.

सुभद्राबाईने सुनेला आतल्या खोलीत नेलं, झरोक्यात मागच्या खेपेपासून तसंच राहिलेलं पोतं ओढून काढलं आणि परत येऊन उंबऱ्यावर बसली. दोन्ही पाय पसरून बसली, म्हणजे ओलांडायलाही जागा राहू नये.

"बसा, आक्काबाई," ती म्हणाली. "अजून येळ हाय. येळ झाली की तुमालाच हाक मारीन. तुमच्याबिगार कुनाचा हात लावू द्यायची न्हाई मी. पर तवर आत कुनी जायचं न्हाई."

"म्या काय पोरं आज आनायला लागले का?" आक्काबाई भडकली. "काय वाकडं झालं तर?"

"तर माज्या माथी."

बायका कुजबुजल्या. एकीने तर म्हातारीला बाहेरची बाधा झाली म्हणूनही टाकलं. सुभद्राबाई ऐकत राहिली, पण हलली नाही. आत शालन आढ्याला बांधलेल्या दोराला लोंबकळत, गुडघ्यांवर डोलत एकेक कळ काढत होती. उंबऱ्यावरची ती पाठमोरी आकृती तिला दिसत होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून पहिल्यांदा तिला रडावंसं वाटलं ते दुःखाने नव्हे.

ऊन भिंतीवरून उतरून गेलं. मारुती पाळी संपवून आला, बायकांची गर्दी बघून घाबरला आणि मळ्यातून परतलेल्या बापाच्या शेजारी अंगणात जाऊन बसला. दिवेलागणीच्या सुमाराला शालनचा आवाज बदलला. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण तिचं अंग आपणहून खाली लोटू लागलं. थांबवायचं म्हटलं तरी थांबवता येईना.

"आत्याबाई!"

सुभद्राबाई ताडकन उठली. "आक्काबाई, या. आता या."

आक्काबाईचा राग दारातच राहिला. तिने एकदा पाहिलं आणि बाह्या वर सारल्या. तिच्या हातांना त्यांचं काम ठाऊक होतं. शालनच्या अंगात बळ होतं. दिवसभर राखलेलं सगळं बळ तिने त्या थोड्या वेळात ओतलं. मूल आलं. मग ते रडलं, असं रडलं की अंगणात मारुती उठून उभा राहिला.

मुलगी होती. आक्काबाईने नाळ कापली, मुलीला पुसून शालनच्या कुशीत दिलं आणि बाहेर जाऊन बायकांना सांगितलं. बायका पांगल्या. खोलीत सासू आणि सून राहिल्या.

शालन मुलीचं तोंड बघत होती. चपटं नाक, मिटलेल्या मुठी. किती तरी वेळ ती बघत राहिली. पहिलं मूल तिला दाखवलं नव्हतं. दाखवलं तर आईचा जीव त्यात अडकतो म्हणतात. ते फडक्यात गुंडाळून बाहेर गेलं आणि त्यानंतर या घरात कुणी त्याचं नावसुद्धा काढलं नाही, कारण नाव ठेवलंच नव्हतं.

"आत्याबाई," तिने विचारलं, "त्यो कसा हुता?"

सुभद्राबाई शेगडी सारखी करत होती. तिचा हात थांबला. अशा वेळी असलं विचारू नये, असंच ती म्हणेल असं शालनला वाटलं.

"क्येस लई हुते," सुभद्राबाई म्हणाली. "मानंपातुर. कपाळ तुजं. हाताची बोटं लांब, मारुतीसारकी." ती थांबली आणि पदराने नाक पुसलं. "बापई मानसं म्हनली, तसाच द्या, उशीर हुतोय. म्या न्हाई दिला. आदी न्हाऊ घातला त्याला. ऊन पान्यानं."