गुणाची पोर

"गोळी कशात देता?" डॉक्टरांनी विचारलं.

आईच्या दुधात, उपाशीपोटी, असं मी लगेच सांगितलं. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. डोस वाढवूनही माझ्या लेकीच्या, शाल्मलीच्या रक्तातलं थायरॉइड हार्मोन कमीच होत चाललं होतं. ती माझ्या मांडीवर निवांत पडली होती. एवढं मूल दवाखान्यात रडत नाही, म्हणून शेजारची बाई कौतुक करत होती. न रडणं हेही या आजाराचंच लक्षण, हे कळल्यापासून ते कौतुक मला ऐकवत नाही.

जन्मल्यावर टाचेतून रक्त घेऊन केलेली तपासणी नॉर्मल होती. तिच्या गळ्यातली ग्रंथी चांगलीच आहे. बिघाड आहे तो वर. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी असते. तिने आपलं हार्मोन पाठवून गळ्याला हाक द्यायची, मग गळ्याने थायरॉइड सोडायचं आणि त्यावर मेंदू वाढायचा. शाल्मलीची हाकच जात नव्हती. ते कळेपर्यंत ती पालथी पडायच्या वयाला आली होती. तेव्हापासून रोज ती पांढरी गोळी.

"मेंदूची ही वाढीची वर्षं एकदा गेली की..." डॉक्टर थांबले. पुढचं ना मी विचारलं, ना माझा नवरा त्रिविक्रमने. निघताना ते म्हणाले, नाचणी किंवा लोहाच्या औषधाबरोबर गेली तर ही गोळी अंगी लागत नाही. घरी कोण देतं, त्यांना विचारा.

घरी शाल्मलीला सांभाळणारी महानंदाक्का देते. मूळची निपाणीकडची, आनेकलहून सकाळच्या बसने बंगळुरूत आमच्याकडे जे. पी. नगरला येते. मी कामावर रुजू झाल्यापासून तेल, आंघोळ, गुटी, गोळी सगळं तिच्याकडे.

"दुधातली थुकती ओ ती," ती कौतुकाने म्हणाली. "म्हनून रागी सरीत कालवते. वाटी चाटून पुसून खाती."

रागी सरी म्हणजे नाचणीची पेज. नेहमी अहो-जाहो करणारी मी एकेरीवर आले. तुला काय कळतं, हिच्या डोक्याची वाढ खुंटली तर तू भरून देणार का, असं काय काय बोलले. त्रिविक्रमने माझा दंड धरला.

"वैनी, ताकदीची गोळी म्हनला हुता तुमी," ती म्हणाली.

म्हणाले होते. मुलीची जात, बिल्डिंगमध्ये चार घरी चर्चा होईल, म्हणून मीच तसं सांगितलं होतं. ताकदीची गोळी ताकदीच्या खाण्यात घालणार नाही तर कशात घालणार?

मग मी तिला सगळं सांगितलं. ती शाल्मलीच्या तळव्यावरून अंगठा फिरवत ऐकत होती.

"आमची गोजरा बी रडायची न्हाई. समदी म्हनायची, गुणाची पोर."

तिला एक लेक आहे, मोठी आहे, घरीच असते, एवढंच मला माहीत होतं. का घरी असते, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"तवा मिळत हुती का ही गोळी?"

"माहीत नाही," मी म्हणाले. मला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशीही ती पहिल्या बसने आली. गुटीची सहाण तिने घासून धुतली, दुधाच्या थेंबांत गोळी उगाळली, बोटाने शाल्मलीच्या गालात आत लावली आणि थुंकू नये म्हणून हनुवटी धरून बसली. रागीचं पातेलं ओट्यावर झाकलेलं होतं. अजून बराच वेळ ते उघडायचं नव्हतं.

एव्हाना शाल्मलीने भुकेने रडायला हवं होतं. आम्ही दोघी तिच्या तोंडाकडे बघत बसलो.