कमरेला बांधा, तळाला टेकू नका

मित्रांनो, मी एक जुना तरंगपट्टा आहे. मला कमरेला बांधलं की माणूस खोल पाण्यात उभाच्या उभा तरंगतो आणि तळाला पाय न टेकवता धावतो. दम पुरेपूर लागतो, पण दुखऱ्या हाडाला धक्का बसत नाही. इतकं साधं काम. पण माणसं ते साधेपणाने करतील तर शपथ.

कारखान्यात मला फोमच्या जाड तक्त्यातून कापलं, बक्कल बसवलं. पोहण्याच्या तलावावर आलो तेव्हा मी गर्द निळा होतो. तिथल्या प्रशिक्षिकेने मला दाबून पाहिलं आणि चांगला दणकट आहे म्हणाली. माझ्या वाट्याचं कौतुक तेवढंच. पुढे कुणी मला छातीवर बांधलं, कुणी उलटं बांधलं. एका गृहस्थांनी पोट आत घेऊन बांधलं आणि पाण्यात श्वास सोडताच माझ्या बक्कलाचे प्राण कंठाशी आले.

पण खरा वैताग दिला तो अग्निशमन दलाच्या एका जवानाने. शिडीवरून उडी मारताना त्याच्या नडगीच्या हाडाला चीर गेली होती. हाड भरून आलं आणि धावण्याची चाचणी पास झाला तर पुन्हा बंबावर, नाहीतर कायमचं टेबलाशी बसून फोन घ्यायचे. त्याला आगीपेक्षा त्या फोनची धास्ती जास्त. प्रशिक्षिका त्याची सख्खी आत्या, म्हणून लाडही नाहीत.

पहिल्याच दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापिका गप्पा मारत मारत त्याच्या पुढे निघून गेल्या. झालं, गड्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. सगळीकडे पहिला पोहोचायची सवय ना. आत्याची पाठ वळली की तो उथळ बाजूला सरकायचा आणि तळाला पाय रेटत बाईंना मागे टाकायचा. मी त्याला वर ओढतोय, हा आपला खाली दाबतोय. मला तोंड असतं तर चांगला फैलावर घेतला असता.

व्हायचं तेच झालं. नडगी पुन्हा सुजली, चाचणी लांबली. आत्या काठावर त्याच्याजवळ बसली.

"मी वळून बघायचे तेव्हा पाण्यात तुझं डोकं वर-खाली होत असायचं," ती म्हणाली. "पाय टेकवल्याशिवाय असं होत नाही. बाईंना हरवलंस म्हणून तुला बंबावर घेणार आहेत का?"

"मला फोनवर नाही बसायचं, आत्या."

"मग मागे राहायला शीक."

त्यानंतर तो मला घट्ट बांधून खोल पाण्यातच राहिला. मुख्याध्यापिका पुढे जाताना त्याला हात करायच्या, तो दातओठ खात मागेच धावायचा. मला पहिल्यांदा माझं काम नीट करता आलं. तो चाचणी पास झाला. आत्याने तलावभर सांगितलं. आणि हा पठ्ठ्या मला ओलाच कोपऱ्यात फेकून गेला. पोहायला शिकण्याच्या फुटक्या फळ्यांखाली पडून माझा रंग विटला, अंगाला कुबट वास सुटला.

मग एक दिवस तो परत आला, बरोबर लंगडणारा एक सहकारी. त्याने मला शोधून काढलं आणि त्या सहकाऱ्याच्या कमरेला स्वतः बांधलं.

"तळाला पाय लावू नकोस," तो म्हणाला. "इथल्या बाई तुला मागे टाकतील. टाकू दे."

नंतर त्याने मला नळाखाली धरून साध्या पाण्याने धुतलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मला खरंच भरून आलं. आणि मग टांगलं ते कुठे, तर भर उन्हात, जिथे माझा फोम तडकतो.

मित्रांनो, मला धुवा आणि सावलीत टांगा. हात धरून शिकवलं असतं, पण हात तरी कुठे आहेत मला?