काचेमागचा मारोती

उकंडरावांच्या मॅटॅडोरच्या काचा हुप्प्याने फोडल्या त्या बुधवारी. परीक्षा रविवारी होती.

हुप्प्या म्हणजे वानरांच्या टोळीतला म्होरक्या नर. त्याला आपल्या हद्दीत दुसरा नर चालत नाही. उकंडरावांनी त्या दिवशी नवी गाडी धुऊन, पुसून, लखलखीत करून चिंचेखाली उभी केली. हुप्प्या खाली उतरला, तर दाराच्या काचेत त्याला आपल्याच अंगापिंडाचा एक हुप्प्या दिसला. याने दात दाखवले, त्यानेही दाखवले. मग याने दगडासारखी टक्कर मारली. गाडीच्या एका अंगाला दोन पल्ल्यांचं दार होतं आणि प्रत्येक पल्ल्याला एक काच. पहिली फुटल्यावर शत्रू पळाला असं हुप्प्याला वाटलं असावं, पण तो शेजारच्या काचेत उभाच होता. म्हणून तीही फुटली.

आमचं गाव जानेफळपासून चार मैल आत. मी तिथे शाळेत शिकवत होतो. त्या वर्षी, म्हणजे सन एकाहत्तरला, गावातल्या पाच मुली पहिल्यांदाच सातवीच्या स्कॉलरशिप परीक्षेला बसणार होत्या. केंद्र मेहकरला. त्यांच्या बापांना तयार करायला मला पूर्ण पावसाळा लागला होता, आणि त्यांनी दोन अटी घातल्या होत्या. पहिली, पोरी दिवेलागणीच्या आत घरी परत आल्या पाहिजेत. बैलगाडीने हे होण्यासारखं नव्हतं आणि जानेफळहून सुटणारी एस.टी. परीक्षा सुरू झाल्यावर मेहकरला पोचायची. म्हणून उकंडरावांची गाडी. दुसरी अट त्या पाचांतल्या शालूचे वडील रामराव यांची. गाडी चारी बाजूंनी बंद पाहिजे.

"बिनकाचेच्या गाडीत पोरी बसवाच्या म्हंजे जत्रेतला पाळणा झाला, मास्तर," ते मला म्हणाले. "काच असीन तर शालू येईन. नसीन तर माफ करा."

शालू येणार नाही म्हटल्यावर उरलेल्या चौघींचे बापही मागे सरकले.

गाडीची काच अकोल्याहून यायला पंधरा दिवस लागतील असं कळलं. तेव्हा उकंडरावांनी डोणगावच्या वामनरावांना बोलावून आणलं. वामनराव तसबिरी मढवायचे. पंचक्रोशीत काच कापायची हिरकणी फक्त त्यांच्याकडे होती. शुक्रवारी सकाळी ते तीन काचा गवतात गुंडाळून घेऊन आले. गाडीच्या काचेला रबर असतं, हे त्यांना मान्य नव्हतं. त्यांनी भोकाच्या कडेने लाकडी पट्टी ठोकली, पट्टीवर सोनेरी रंग दिला आणि पहिली काच बसवली. दार एकदम देवघरातलं वाटू लागलं.

ते चहा प्यायला बसले तेवढ्यात हुप्प्याने ती काच फोडली.

"आता दोनच राह्यल्या," वामनराव बशी खाली न ठेवता म्हणाले.

गाडीचे ड्रायव्हर भाऊराव. फौजेत ट्रक चालवून आलेला शांत माणूस. ते म्हणाले, "गाडी आत घ्याले वाडा नाई, गोठा नाई. तिले झाकून ठेवा लागीन."

झाकली. वानरांनी ताडपत्री ओढून नेली.

"कोऱ्या काचेत तो सोताले पाह्यते," वामनराव विचार करून म्हणाले. "माया तीस वर्साच्या धंद्यात वानरानं तसबीर फोडली नाई. काऊन? तिच्या मांगं चित्र असते. मांगं चित्र लावलं का काचेचा आरसा होत नाई."

बोलणं शास्त्राला धरून होतं. मी मान हलवली, आणि इथे माझंही चुकलं. चित्र कोणतं, हे मी विचारलं नाही.

वामनरावांच्या पिशवीत मोठ्या आकाराची दोनच चित्रं होती. दोन्ही मारोतीची. एका हातावर डोंगर, दुसऱ्या हातात गदा, खाली समुद्र. त्यांनी कणकेची खळ करून दोन्ही चित्रं काचांना आतून चिकटवली, तोंडं बाहेर. काचा बसल्या. आम्ही लांब उभे राहून पाहत होतो. हुप्प्या आला. त्याने मारोतीकडे पाहिलं. मग दोन्ही हात काचेवर टेकले, डोकं खाली केलं आणि बराच वेळ तसाच राहिला.

तो पट्टीवर ओघळलेली ओली खळ चाटत होता. हे मला दिसलं, कारण मी त्या बाजूला होतो. पण दुसऱ्या बाजूने रामरावांच्या आई सोजराबाई गवताचा भारा घेऊन चालल्या होत्या. त्यांना फक्त पाठ दिसली आणि वाकलेलं डोकं. त्यांनी भारा खाली ठेवला, चपला काढल्या आणि तिथेच हात जोडले.

दुसऱ्या दिवशी शनिवार. मारोतीचा वार. उजाडायच्या आत चिंचेखाली रांग लागली होती. तेल वाहिलं, शेंदूर वाहिला, रुईच्या पानांची माळ दोन्ही पल्ल्यांच्या मुठींना बांधली. दुपारपर्यंत पुढच्या चाकाजवळ नारळाच्या करवंट्यांचा ढीग झाला. उकंडराव आधी घाबरले, मग हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर पुजाऱ्याची कळा आली. गाडी पुसायचं फडकं त्यांनी खांद्यावर उपरण्यासारखं टाकलं.

"उद्या सकाळी आठला निघायचं ना?" मी विचारलं.

"मले काय इचारता," ते म्हणाले. "त्याले इचारा." आणि दाराकडे बोट केलं.

संध्याकाळी सोजराबाईंनी निर्णय सांगितला. मारोती गावाचा राखणदार. तो शिवेच्या बाहेर जात नाही. म्हणून गाडी आता हलणार नाही.

भाऊरावांनी मला बाजूला घेतलं. त्यांच्या घरात बुद्धाची तसबीर, तीही वामनरावांनीच मढवलेली. मी म्हणालो, "भाऊराव, तुम्हाला तर काही अडचण नाही. चित्र काढून टाकू का?"

"मायासाठी तो कागद हाय, गुरुजी," ते म्हणाले. "पण सोजराबाईसाठी देव हाय, अन् गाडीत बसणार हाय सोजराबाईची नात. कागद काढसान तर काच राहीन, पोरगी राहणार नाई."

हे खरं होतं. मी घरी जाऊन पडलो आणि उद्या काय बोलायचं याचा पाठ करत राहिलो.

रविवारी सकाळी पाचही मुली आंघोळ करून, तेल चोपून, हातात पाटी नव्हे तर नवी पुठ्ठ्याची पॅडं घेऊन हजर होत्या. बापही हजर होते. सोजराबाई दाराला पाठ लावता येत नाही म्हणून दारासमोर मांडी घालून बसल्या होत्या. वर्गात मूल अडलं की मी त्याला उत्तर सांगत नाही, प्रश्न विचारतो. मी त्यांच्यापुढे बसलो.

"आजी, त्याच्या हातावर काय आहे?"

"डोंगर हाय. लहान पोराले बी माहीत."

"आपल्या शिवारात असा डोंगर आहे का?"

"नाई."

"मग आणला कुठून?"

मागे कोणीतरी खाकरलं.

"तवा तो गेलता," त्या म्हणाल्या. "पण एकटा गेलता. पाठीवर पोरी नव्हत्या."

"पोरी जड का डोंगर जड?"

"मास्तर, तुमी मले परीक्षेले बसवून राह्यले का?"

"आणखी एकच प्रश्न. परत कधी आला?"

"दिवस उगवाच्या आत." त्यांनी थोडं थांबून रामरावांकडे पाहिलं. "अन् तुयी अट काय व्हती रे? दिवेलागणीच्या आत ना?"

रामराव म्हणाले, "हाव."

"मंग तो तुयापेक्षा येळेचा पक्का हाय," सोजराबाई उठत म्हणाल्या. "जाऊ दे गाडी. पण मी संग जाईन. अन् जाईन तं पालखीसारखी जाईन."

पालखीसारखी म्हणजे चालण्याच्या वेगाने, पुढे भजन, आणि वाटेतल्या प्रत्येक घरासमोर आरती. रुईची माळ तोडायची नव्हती, म्हणून दार उघडता येईना. मुली ड्रायव्हरच्या दाराने, भाऊरावांच्या सीटवरून एकेक करून मागे गेल्या. त्यांच्या मागून मी. सोजराबाई पुढे डाव्या हाताला बसल्या. आत अंधार होता, कारण दोन्ही खिडक्यांना मारोतीची पाठ होती. भाऊरावांनी पहिला गिअर टाकला तो शिवेपर्यंत बदलला नाही. अर्धा मैल जायला तासभर गेला. शिवेवर नारळ फुटला तेव्हा माझ्या घड्याळात साडेनऊ झाले होते. पेपर अकराला होता.

"आता दाबा," मी म्हणालो.

भाऊरावांनी दाबलं. धूळ उडाली, मुली हसल्या, आणि दीड मैलावर पहिलं गाव आलं तेव्हा सोजराबाई म्हणाल्या, "थांबवा."

"काय झालं?"

"या गावचा मारोती. आपला मारोती त्याच्या दारावरून जाऊन राह्यला. भेट घ्या लागीन."

हा रिवाज आहे. एका गावचा देव दुसऱ्या गावातून निघाला तर तिथल्या देवाला भेटल्याशिवाय पुढे जात नाही. ती भेट घ्यायची म्हणून गाडी पारापर्यंत नेली, दार देवळाकडे यावं म्हणून दोनदा मागेपुढे करून वळवली. तिथल्या पुजाऱ्याने विचारलं, मोठा कोण, यांचा का आमचा? कारण लहान देवाने आधी नमस्कार करायचा. सोजराबाई म्हणाल्या, "आमचा परवाच बसला." तेव्हा गाडीने आधी नमस्कार करावा असं ठरलं. गाडीने नमस्कार कसा करायचा, यावर आणखी चर्चा झाली. शेवटी भाऊराव म्हणाले, "पुढचं चाक खड्ड्यात घालतो, बोनट खाली होईन." तसं केलं. मग गाडी खड्ड्यातून बाहेर काढायला सहा माणसं लागली. पंचवीस मिनिटं गेली.

पुन्हा रस्त्याला लागल्यावर मागून सिंधूचा आवाज आला. पाची जणींत सिंधू गणितात पक्की. तिने पॅडच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने आकडे मांडले होते.

"गुरुजी, मेहकरपर्यंत अजून तीन गावं हायेत. एका भेटीले पंचवीस मिनटं धरली तर आपुन बारा वाजून दहा मिनटानं पोचतो."

"पेपर किती वाजता?" मी विचारलं, उगीच. शिक्षकाची सवय.

"अकरा."

शालूने आजीच्या मानेकडे पाहिलं. ती अंधारात रडत होती, पण आवाज न करता, आणि पॅड ओलं होऊ नये म्हणून लांब धरून.

"आजी," ती म्हणाली.

"काय व?"

"मारोती कोनाचा पोरगा?"

"वाऱ्याचा. इतकं बी शिकवलं नाई का तुले शाळंत?"

"वारा दुसऱ्या गावातून जाते तवा थांबून राम राम करते का?"

भाऊरावांनी आरशात मागे पाहिलं. सोजराबाई समोरच्या रस्त्याकडे पाहत राहिल्या. पुढच्या गावाचं देऊळ दिसू लागलं होतं. भाऊरावांचा पाय ब्रेकवर होता, पण दाबलेला नव्हता.

"नाई करत," सोजराबाई अखेर म्हणाल्या. "जाता जाता झाडं हालवते अन् निंगून जाते."

"मंग आपुन काय हालवाचं?" भाऊरावांनी विचारलं.

"हारन वाजवा. तीन डाव. अन् पाय उचलू नका."

दुसऱ्या गावातून आम्ही तीन हॉर्न देत गेलो. पारावरची माणसं उभी राहिली. तिसऱ्या गावात तर कोणीतरी घंटेने उत्तर दिलं. सोजराबाई प्रत्येक देवळाला चालत्या गाडीतून हात जोडत होत्या आणि लगेच हात खाली घेऊन पुढची कडी पकडत होत्या, कारण भाऊराव आता फौजेतल्यासारखी गाडी चालवत होते.

मेहकरच्या शाळेसमोर पोचलो तेव्हा अकराला पाच मिनिटं कमी होती. पण रस्त्यावरच्या माणसांनी शेंदूर माखलेलं दार पाहिलं, माळ पाहिली, आणि गाडी थांबायच्या आत भोवती गर्दी झाली. कोणी दाराला कपाळ टेकलं, कोणी चाकाला. एक गृहस्थ प्रदक्षिणा घालत होते, त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूचं दारही उघडता येईना. दर वेळी भाऊराव ते ढकलत आणि दर वेळी तेच गृहस्थ तिथे पोचलेले असत. तिसऱ्या फेरीला भाऊरावांनी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "बापू, तुमची झाली. आता पोरींची पाळी."

मुली सीटवरून एकेक करून खाली उतरल्या. समोर फाटक, आणि फाटकाशी शिपाई. उंच, पिवळ्या फेट्याचा. आतली घंटा वाजली. नियम साधा होता, घंटा वाजली की फाटक बंद. त्याने दोन्ही पल्ले धरले.

मुली पळाल्या. मीही पळालो, पण माझ्या वयात पळणं म्हणजे जोरात चालणं. अजून वीस पावलं होती आणि पल्ले जवळ येत होते.

तेवढ्यात शिपायाची नजर गाडीच्या दारावर गेली. त्याने पाहिलं, डोळे मिटले, आणि पल्ले सोडून दोन्ही हात जोडले. हात जोडल्यावर ते लगेच सोडायचे नसतात. तो ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणू लागला.

सिंधू त्याच्या उजव्या काखेखालून गेली. दोघी डावीकडून. चौथी पॅड डोक्यावर धरून. शालू शेवटी, तिची एक चप्पल रस्त्यातच राहिली, ती घ्यायला ती वळली नाही.

शिपाई अजून डोळे मिटून होता. सोजराबाई गर्दीतून वाट काढत फाटकापर्यंत आल्या. त्यांनी आत डोकावून पाहिलं. पाचवी वेणी ओट्याच्या पायऱ्या चढून वर्गात गेली. मग त्यांनी शिपायाच्या जोडलेल्या हातांवर बोटाने टकटक केलं.

"पुरे झालं, बा," त्या म्हणाल्या. "लाव आता फाटक. आमच्या पोरी आत गेल्या."